वाद घालताना वकील, आणि स्कूटीवर ट्रिपल सीट?

"माझी मुलगी १४ वर्षांची, नववीत आहे. आमचं एकत्र कुटुंब, इचलकरंजीत मागाचा धंदा. वर्षभरात ती फार बदलली. प्रत्येक गोष्टीला 'का?' आणि 'हे कुणी ठरवलं?' तिचा चुलत भाऊ तिच्याच वयाचा. तो साडेनऊपर्यंत बाहेर असतो आणि हिला साडेसातला घरात यावं लागतं, यावरून रोज खडाजंगी. सासूबाईंनी तिची पत्रिका दाखवली, गुरुजींनी कॉमर्स सांगितलं. तर ही तोंडावर म्हणाली, 'आजी, त्यांचं किती वेळा खरं ठरलं ते कुणी लिहून ठेवलंय का?' घरात रडारड झाली. आणि एवढी शहाणी मुलगी गेल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर स्कूटीवरून ट्रिपल सीट हायवेला गेली! चालवणारी १५ वर्षांची. विचारलं तर म्हणे, 'तेव्हा काही सुचलंच नाही.' बीजगणितातली शाब्दिक उदाहरणं तिला अजिबात जमत नाहीत. मिस्टरांनी मेंदूच्या विकासाचा एक क्लास शोधलाय, डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवतात, १८ हजार फी. घालू का? हिला अक्कल आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय.

ता. क. अक्कल नाही असंही नाही. परवा एका मागावर सूत सारखं तुटत होतं. कामगार म्हणाला हवा कोरडी आहे, मिस्टर मेकॅनिकला बोलावणार होते. ही म्हणाली, 'हवा तर सगळ्या मागांना तीच आहे, मग बाकीच्यांवर का नाही तुटत? नवा बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) चढवल्यापासूनच तुटतंय.' चौकशी केली, तर सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावतात तिथे, त्या बीमवर खळ कमी पडली होती."

— एक आई, इचलकरंजी

ताई,

पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही ता. क. मध्ये ढकलली आहे. मी तिथूनच सुरुवात करते.

जिनिव्हात जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना दोरा आणि वेगवेगळी वजनं देऊन लंबक करायला सांगितला. प्रश्न असा, की लंबक जलद किंवा सावकाश हलतो तो कशामुळे? दोऱ्याच्या लांबीमुळे, वजनामुळे, किती उंचीवरून सोडला त्यामुळे, की किती जोरात ढकलला त्यामुळे? आठ-नऊ वर्षांची मुलं उत्साहानं कामाला लागत, पण एका दमात दोराही आखूड करत आणि वजनही वाढवत, आणि मग ठामपणे सांगत, "वजनामुळे!" पंधरा वर्षांच्या आसपासची मुलं मात्र बाकी सगळं तसंच ठेवून एकेक गोष्ट बदलून बघत आणि फरक फक्त लांबीनं पडतो इथपर्यंत पोचत. हे काम १९५५ मध्ये प्रसिद्ध झालं. घरी करून बघायचं असेल तर दोरा आणि दोन नट-बोल्ट पुरतात, आणि माग असलेल्या घरात ते शोधायलाही लागणार नाहीत.

तुमच्या मुलीनं मागापाशी हेच केलं. हवा तीच, कामगार तोच, माग तोच. बदललाय तो बीम. शाळेत हे तिला कुणी या शब्दांत शिकवलं असेल असं वाटत नाही. किशोरवयात विचार करण्याची पद्धतच बदलते. समोर दिसतं त्यापलीकडे "समजा असं असतं तर काय दिसलं असतं?" असा प्रश्न डोक्यात उभा राहायला लागतो. एकदा तो उभा राहिला की मागापाशी थांबत नाही. साडेसातच्या नियमाला लागतो, गुरुजींना लागतो, तुम्हालाही लागतो. सूत का तुटतंय हे शोधणारी मुलगी आणि आजीला रडवणारी मुलगी, दोघींच्या डोक्यात एकच यंत्र चालू आहे. एक हवं आणि दुसरं नको, अशी सोय दुर्दैवानं नाही.

मग बीजगणितात हे यंत्र बंद का पडतं? कारण ही क्षमता सगळीकडे एकदम येत नाही. पियाजेनं आधी म्हटलं होतं, की बारा-पंधराच्या दरम्यान मुलं असा विचार करायला लागतात. पुढे १९७२ मध्ये त्यानंच त्यात दुरुस्ती केली. हा विचार पंधरा ते वीसपर्यंतही उशिरा येऊ शकतो, आणि तो आधी दिसतो तो ज्याला ज्या विषयात गती आणि गोडी असते तिथे. बरं, मोठ्यांचंही काही वेगळं नसतं. एक गंमत जेवणानंतर घरच्यांना घाला. टेबलावर चार कार्डं: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असलाच पाहिजे. नियम पाळलाय की नाही हे तपासायला कोणती कार्डं उलटावी लागतील? पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये हे कोडं मांडलं, तेव्हापासून शिकलेसवरलेले लोक "अ आणि ४" असं सांगून फसत आले आहेत. बरोबर उत्तर अ आणि ७. सातच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. चारच्या मागे काहीही निघालं तरी मोडत नाही.

आता हेच कोडं दुसऱ्या कपड्यांत. नियम असा, की बियर पीत असेल तर वय १९ च्या वर हवं. चार जण बसलेत. एक बियर पितोय, एक कोक, एक २२ वर्षांचा, एक १६ वर्षांचा. कोणाला तपासाल? बियर पिणाऱ्याला आणि १६ वर्षांच्याला, हे पटकन सुचतं. फ्लोरिडात १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी विद्यार्थ्यांना हे दोन्ही प्रकार दिले. अक्षर-अंकांशी झगडणारे बहुतेक जण बियरच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देऊन मोकळे झाले. तर्क दोन्हीकडे तोच आहे, फक्त एक जग ओळखीचं आहे.

म्हणून बीजगणितासाठी मी आधी ट्युशन सुचवणार नाही. "वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या चौपट" अशा उदाहरणात १४ वर्षांच्या मुलीला कशाला रस वाटावा, हे मला कधीच कळलेलं नाही. तिला विचारा: दोन मागांचं मिळून दिवसाला ११० मीटर कापड निघतं, एक माग दुसऱ्यापेक्षा १० मीटर जास्त काढतो, तर प्रत्येकाचं किती? ती तोंडी सांगेल, साठ आणि पन्नास. मग म्हणा, "हेच क्ष आणि य घेऊन लिहून दाखव." आधी उत्तर, मग मांडणी. आठवडाभर घरच्या धंद्यातली उदाहरणं घालून झाली की पुस्तकातल्या वडील-मुलाकडे वळा. मागावरच थांबू नका मात्र. परीक्षेत मागाची उदाहरणं येत नाहीत.

आता स्कूटी. इथे मी तुमच्याइतकीच घाबरले आहे, पण तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. "एवढं कळतं तर हे का नाही कळलं?" असं तुम्ही विचारता. तिला कळत होतं हो. दुपारी घरात बसून विचारलं असतं, तर ट्रिपल सीट हायवेला जाण्यात काय काय होऊ शकतं याची यादी तिनं तुमच्यापेक्षा लांब केली असती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून जास्त लोकांना तपासलं होतं. शांत बसून विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या पातळीला पोचते, असं त्यात दिसलं. पण आवेग आवरणं, थरार टाळणं हे अठरा उलटले तरी पक्कं होत नाही. या दोन वेळांमधली काही वर्षं आईबापांचा जीव टांगणीला लावणारी असतात, आणि तुमची मुलगी त्यांच्या उंबऱ्यावर आहे.

त्यात मैत्रिणींची भर. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायची. पिवळा दिवा लागला की कधीही लाल होऊ शकतो आणि लाल झाल्यावर गाडी चालू असेल तर ती भिंतीवर आदळते. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त. १३ ते १६ वयाची मुलं एकटी खेळली तेव्हा सांभाळून खेळली. मित्र शेजारी बसल्यावर धोका बराच जास्त पत्करू लागली. चोविशी ओलांडलेल्यांना मित्र असले काय, नसले काय, फारसा फरक पडला नाही. मुलीचं "तेव्हा काही सुचलंच नाही" हे मला निमित्त वाटत नाही. मला तर ते प्रामाणिक उत्तर वाटतं.

हल्ली "किशोरांचा मेंदू अपुरा असतो" असं सरसकट म्हणायची पद्धत पडली आहे, ते मात्र तिच्यासमोर म्हणू नका. कपाळामागचा जो भाग नियोजन आणि संयम सांभाळतो, त्याची जडणघडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते हे खरं. पण म्हणून तोवर तिचं ऐकायचंच नाही, असा त्याचा अर्थ काढणं चूक आहे. आणि तुम्ही तो काढलात, तर ती पुढच्या वेळी तोच तुमच्यावर उलटवेल: "माझा मेंदू तयार नाही, मग मला का ओरडता?"

अशा गरम प्रसंगाची तयारी थंड डोक्यानं आधी करायची असते. व्याख्यान नको, दोन गोष्टी ठरवा. एक, तिला मैत्रिणींसमोर वापरता येईल असं वाक्य तयार करून द्या. "माझी आई लोकेशन बघते, घरी गेल्यावर माझं काही खरं नाही" अशा थाटाचं. दोष आईवर गेला की मुलीची मैत्रिणींत शोभा राहते. व्हा थोड्या बदनाम. दोन, रात्री-अपरात्री, कुठूनही फोन आला तर तुम्ही किंवा तिचे बाबा न्यायला जाणार, आणि त्या रात्री एक प्रश्न विचारणार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी. हा शब्द एकदा जरी मोडलात तरी तो फोन पुन्हा येणार नाही.

आणि ज्या मुलीची ती स्कूटी, तिच्या आईशी बोला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलींना हे सांगून उपयोग नाही. पालकांना सांगून होतो.

साडेसातच्या नियमाबद्दल तुम्हाला माझ्याकडून पाठिंबा हवा असेल, तर तो पूर्ण मिळणार नाही. त्याच वयाचा मुलगा साडेनऊपर्यंत बाहेर आणि मुलगी साडेसातला आत, ही विसंगती तिनं पकडली आहे आणि ती खरी आहे. "मुलीच्या जातीला असंच असतं" या उत्तरात तिनं पटवून घ्यावं असं काही नाही. नियमाचं कारण सुरक्षितता असेल तर तसं सांगा आणि मग चर्चा खऱ्या गोष्टींवर करा: रस्त्याचा कोणता भाग अंधारा आहे, क्लासवरून येताना सोबत कोण असतं. त्या कारणानं चुलत भावाचीही वेळ थोडी अलीकडे यायला हवी. जाऊबाईंशी बोलायची तयारी ठेवा. कारण "लोक काय म्हणतील" हे असेल, तर तेही कबूल करा. मुलांना नियम जाचतो त्यापेक्षा खोटं कारण जास्त जाचतं.

हा वाद कसा घालायचा, यावर मात्र मी हट्टी आहे. तो तोंडी घालू नका. व्हॉट्सॲपवर घाला. हसू नका. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका शाळेत डियाना कून आणि अमांडा क्रोवेल यांनी सहावी ते आठवी अशी तीन वर्षं मुलांकडून वाद घालून घेतला. एका मताच्या दोघांनी मिळून विरुद्ध मताच्या जोडीशी कॉम्प्युटरवर लिहून बोलायचं. लिहिलेलं समोर राहतं, "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायची सोय उरत नाही, आणि उत्तर पाठवण्याआधी जोडीदाराशी बोलावं लागतं. सुरुवातीला मुलं आपलंच घोडं दामटतात. दुसरा काय म्हणतोय याला उत्तर देणं त्यांना सुचतच नाही. हळूहळू ती समोरच्याच्या मुद्द्याला भिडायला लागली, पुरावा कुठे आहे असं विचारायला लागली. नंतर एकट्यानं निबंध लिहितानाही दोन्ही बाजू घेऊ लागली, आणि नेहमीच्या पद्धतीनं वर्गात चर्चा करून निबंध लिहिणाऱ्या मुलांपेक्षा त्यात पुढे गेली. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

तुमच्या घरात मी एकच अट घालीन. साडेसातच्या नियमावर तिनं आधी तुमची बाजू लिहायची, तुम्ही लिहिली असती त्याहून चांगली. मग तुम्ही तिची लिहायची. तुम्हाला ते जड जाईल, तिला त्याहून जड जाईल. या वयात दुसऱ्याच्या बोलण्यातली फट चटकन दिसते, स्वतःची सहसा दिसत नाही. शेवटी नियम बदलला नाही तरी चालेल, निर्णय तुमचाच आहे. पण एखादा नियम तिच्या मुद्द्यामुळे बदलला असं वर्षातून दोनदा तरी घडलं पाहिजे. वाद घालून काहीच हलत नाही असं दिसलं, की मुलं वाद बंद करतात आणि थापा सुरू करतात.

सासूबाईंचं प्रकरण नाजूक आहे. प्रश्न चोख होता, जागा चुकली. प्रश्नाबद्दल तिला रागावू नका. चारचौघांत आजीला तोंडघशी पाडल्याबद्दल जरूर बोला, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला स्पष्ट सांगा. मग तिच्या प्रश्नाला खाद्य द्या. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं अगदी हीच परीक्षा घेतली होती. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, त्यातल्या ४०-४० पत्रिका ज्योतिष्यांना दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आले असते.

निकाल तिला लगेच सांगू नका. आधी विचारा, "गुरुजींचं खरं ठरतं का हे तपासायचं तर तू काय करशील?" ती म्हणेल, लोकांना विचारीन. मग विचारा, ज्यांचं खरं ठरलं तेच लक्षात ठेवतात त्याचं काय? नारळीकरांच्या परीक्षेत दोन्ही गटांत मुलं समसमान का घेतली असतील? पत्रिका कुणाची आहे हे ज्योतिष्याला का सांगितलं नसेल? लंबकापासून बीमपर्यंत जे चाललंय, त्याचीच ही पुढची पायरी. नंतर, घरात हसत-खेळत असताना, तिला हेही विचारा की रीलमध्ये बघितलेल्या केसांच्या तेलाबद्दल कुणी लिहून ठेवलंय का, किती जणींचे केस वाढले ते. तिचाच प्रश्न तिलाच. आणि सासूबाईंची श्रद्धा त्यांच्याजवळ राहू द्या. नातीचा अभ्यासक्रम पत्रिकेवर ठरणार नाही एवढं तुम्ही आणि मिस्टरांनी त्यांना प्रेमानं, पण एकदाच आणि स्पष्ट सांगायचं आहे. ते काम मुलीवर टाकू नका.

क्लास नको. पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाच्या कडेला राहिलेल्या फटीतून बघतात. फट नीट बंद केली की वाचन बंद पडतं. मिस्टरांना खात्री करायची असेल तर क्लासवाल्यांना विचारा, पट्टी आम्ही आणलेली चालेल का? विचार करायला दोन दिवसांत शिकता येत नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात मायकेल शेअर आणि फिलिप ॲडी यांनी विज्ञानाच्या तासांतून मुलांना विचार करायला शिकवण्याचा कार्यक्रम राबवला. तो दर पंधरवड्याला एक तास असा दोन वर्षं चालायचा. त्याचा फायदा पुढे परीक्षेत दिसला, आणि विज्ञानाबरोबर इंग्रजीतही दिसला. आपल्याकडे सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, त्यात पुढच्या टप्प्यावर मुलांना स्वतःचा प्रकल्प करावा लागतो. ती नववीत आहे. यंदाची संधी गेली का, शाळेत विचारा. गेली असेल तरी "खळ आणि सूत तुटणं" हा प्रकल्प घरच्या घरी होण्यासारखा आहे, आणि तुमच्या धंद्याला उपयोगी पडला तर १८ हजार वाचून वर काही मिळेल.

झोपेचं एक वाक्य: या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, आणि १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नका असा आदेश निघाला तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. खरी गरज असलेली नववी-दहावी पहाटेच उठते. तुम्ही शाळा बदलू शकत नाही, पण रात्री अकरानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावू शकता. सगळ्यांचे. मिस्टरांचाही.

राहिला कॉमर्सचा प्रश्न. हा शांत डोक्यानं, वेळ घेऊन करायचा निर्णय आहे, म्हणजे तिला या वयात जमतो त्या जातीचा. तिलाच घेऊ द्या, पण पुरावा मागा. दहावी संपेपर्यंत तिनं निदान चार माणसांशी बोलावं: कॉमर्स करून सीएकडे काम करणारं कुणी, सायन्स घेऊन पस्तावलेलं कुणी, आयटीआयमधलं कुणी, आणि इचलकरंजीतच टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या कॉलेजातलं कुणी. तिथे मुली किती, खर्च किती, पुढे काम कुठे मिळतं, हे तिनं स्वतः विचारून वहीत लिहायचं. मग तुम्हा तिघांनी ती वही समोर घेऊन बसायचं. सासूबाईंनाही बोलवा, बीमची गोष्ट त्यांनी अजून ऐकली नसेल तर आधी ती सांगा.

तुमची,
सदरलेखिका